सगळी भांडणं एका पिव्हटची

"दीड लाख जी भाऊजी, दीड लाख! अन् इंजिन नाही त्याले!"

बाजूच्या वैनी कंपाउंडच्या भिंतीवर गोधडी वाळत घालता घालता बोलत होत्या. पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला. त्यानं सायकल मागितली, यांनी 'घे बाप्पा' म्हणून टाकलं, आणि आकडा नंतर ऐकला. तेवढ्या पैशात वरोऱ्यात मोटारसायकल दाराशी उभी राहते, वर हेल्मेट फुकट.

"एवढी महाग काऊन म्हणाव, तं म्हणते आई, तिले मागंबी सस्पेन्शन हाय. म्या म्हटलं, सातवीत तुले डबल शॉकअपची घेतली होती, थे काय होती मंग?"

ती सायकल अजून त्यांच्या पेरूखाली, भिंतीला टेकून आहे. मी वरूनच हात लांबवला आणि सीटवर जोर दिला. सीट खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर. मागच्या सांध्यातून कुरकुर निघाली ती निघालीच.

"पाहा वैनी, हिच्यात नुसता स्प्रिंग हाय. तेल नाही. स्प्रिंग म्हणजे इमानदार माणूस, जेवढं घेतलं तेवढं सारं परत करते. शॉकअपचं खरं काम थे परत न करणं. दगडाचा हिसका खायचा, तेलाले बारीक भोकातून पळवायचं, गरम करायचं अन् जिरवून टाकायचं. हे जिरवणं जिथं नाही, तिथं शॉकअप फक्त दिसाले हाय."

मी माजरीच्या कोळसा खाणीत फिटर होतो, वैनींना ते ठाऊक आहे. म्हणून तर त्या अशा गोष्टी घेऊन भिंतीशी येतात. डंपरच्या पुढच्या चाकांवर जे सस्पेन्शनचं सिलिंडर असतं त्यात खाली तेल आणि वर नायट्रोजन. गॅस कमी झाला की डंपर एका अंगानं बसतो. मग आम्ही पट्टी घेऊन आत खाली वाकायचं, सिलिंडरबाहेर चमकणारा दांडा किती उघडा आहे ते मोजायचं आणि बाटलीतून गॅस भरायचा. पोराच्या दीड लाखाच्या सायकलीतही तोच खेळ आहे, फक्त बोटाएवढा. लोखंडी स्प्रिंगच्या जागी दाबून भरलेली हवा, आणि तेलाच्या मागं बहुतेक शॉकअपांत नायट्रोजनच.

"अन् तिथंबी मोजतात?"

"मोजतात ना. दांड्यावर एक बारीक रबरी कडं असते. सायकलीवर बसाचं, कडं खाली सरकवाचं, हळूच उतराचं. कडं जिथं राह्यलं तिथवर तुमच्या वजनानं शॉकअप बसलं. याले सॅग म्हणतात. मागं चौथा हिस्सा नाही तं तिसऱ्याहून थोडा कमी, एवढा बसाले पाह्यजे. तुमचा पोट्टा साठ किलोचा अन् त्याचा दोस्त नव्वदचा, तं एकच सायकल दोघाले सारखी चालत नाही. हवा बदला लागते."

मग एक लाल गुंडी असते ती परत येण्याची, निळी असते ती दबण्याची. बहुतेक कंपन्यांनी हे रंग पाळलेत. पोरं मात्र दोन्ही गुंड्या फिरवून फिरवून सायकल बिघडवतात आणि शिव्या कंपनीला देतात. आमच्या खाणीतही नवीन ऑपरेटरचं असंच होतं.

वैनींना मात्र हिशोब हवा होता. एवढ्याशा हवेला दीड लाख का?

तर मी त्यांना आधी पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, सांगितला, कारण तो सोपा. अमेरिकेत पॉल टर्नर म्हणून एक माणूस, मोटारसायकलच्या शर्यतींतला मेकॅनिक. त्यानं 1989 च्या सुमारास सायकलीसाठी हवा-तेलाचा फोर्क काढला, रॉकशॉक्स. जेमतेम दोन इंच दबायचा. लोक हसले असतील. 1990 साली कोलोरॅडोतल्या डुरँगोला जागतिक स्पर्धा झाली, तिथं ग्रेग हर्बोल्डनं उताराची शर्यत त्याच फोर्कवर जिंकली. हसणं थांबलं. आज उताराच्या सायकलीचा फोर्क आठ इंच दबतो.

"पुढचं झालं. आता मागचं. इथंच सारी मारामारी हाय वैनी."

मागचं चाक वर जायचं तर कुठल्या तरी सांध्याभोवती फिरणार. तो सांधा म्हणजे पिव्हट. आणि त्याच चाकाला चेन पुढं ओढते, घोटाळा इथं होतो. चढावर पायडल मारलं की माणसाचं वजन मागं कलतं, मागची बाजू बसते आणि पायाची ताकद रस्त्याऐवजी शॉकअपात मुरते. पिव्हट थोडा वर नेला तर चेनचा ताणच ते बसणं अडवतो. त्याला अँटी-स्क्वॉट म्हणतात. मग पिव्हट सगळ्यांनी वरच का नाही लावला? कारण वर लावला की दगडावरून उसळताना चाक पुढच्या दातेरी चाकापासून लांब जातं, चेन ताणते, आणि पायडल उलटं मागं येतं. तळपायाला हिसका बसतो तो त्याचा. एकीकडं कमावलं ते दुसरीकडं गेलं. कंपन्या तीस-पस्तीस वर्षं या एका बोल्टच्या जागेवरून भांडताहेत, आणि मला विचाराल तर दीड लाखातला मोठा हिस्सा या भांडणाचा आहे, रंगाचा नाही.

"भांडण म्हणजे कसं? कोर्टात?"

वैनींचे डोळे चमकले. सायकल मागं पडली होती.

कोर्टकचेरीही आहे. हॉर्स्ट लाइटनर म्हणून एक ऑस्ट्रियन, मोटोक्रॉस खेळलेला. त्यानं मागच्या चाकाच्या आसाच्या थोडं पुढं आणि खाली एक जादा सांधा दिला. चाकाची वाट बदलली, ब्रेक मारल्यावर मागचं अंग आखडेना. स्पेशलाइज्ड कंपनीनं 1998 साली ते पेटंटच विकत घेतलं. झालं. जर्मनीतल्या कंपन्या युरोपात खुशाल तशा सायकली विकत होत्या, पण अमेरिकेत न्यायच्या तर परवानगी काढा, नाहीतर सांधा हलवा. पेटंटची मुदत 2013 ला सरली, आणि मग जो तो तोच सांधा लावून 'आमची नवी रचना' म्हणू लागला. डेव्ह वीगल नावाचा दुसरा एक अमेरिकन, त्यानं दोन छोट्या दुव्यांची डीडब्ल्यू-लिंक काढली. तो सायकल फार बनवत नाही, रचना भाड्यानं देतो. पिव्हट नावाचीच एक कंपनी आहे, ती आणि आयबिस, दोन्ही त्याच्या रचनेवर चालतात. शेत आपलं, बटईनं दुसरा करतो, तशातला प्रकार.

"हुशार हाय लेकाचा," वैनी म्हणाल्या. बटई म्हटलं की त्यांना सगळं समजतं.

"अन् चेनचं ऐका. 2015 साली ऑस्ट्रियात लिओगांगला वर्ल्ड कप होता, उताराचा. अ‍ॅरन ग्विन म्हणून अमेरिकेचा गडी. सुटला अन् पयल्याच दोन-चार पायडलात चेन तुटली."

"अव माय! मंग?"

"मंग काय, बिना चेनचा खाली आला अन् पयला आला."

वैनींनी गोधडी सोडून दिली. "मंग चेनचे पैसे कायले घेतात?"

खरंतर सायकलवाल्यांनीही काहीसं असंच विचारलं. ग्विन मुळात जबर, ते आहेच. पण चेन नव्हती म्हणून मागचं चाक मोकळं झालं असेल का, यावर त्यांची अजून चर्चा चालते. नुसती चर्चा नाही, वस्तूही निघाली. इटलीत ओचेन नावाचा पार्ट बनतो, त्यात पुढचं दातेरी चाक काही अंश स्वतःशी मागं फिरू शकतं. चेन ताणली तरी पायडलाला कळत नाही. दुसऱ्यांनी पिव्हट एकदम वर नेला आणि चेन मध्येच एका जादा गरारीवरून वळवली, तिला आयडलर म्हणतात. चाक दगडावर आदळलं की वर जाताना जरासं मागंही सरकतं, म्हणून वेग मरत नाही, आणि चेनही ताणत नाही. अँडोराची कोमोन्साल, कॅनडाची फॉरबिडन, या त्यातल्या. पण गरारी चिखलात कुरकुरते आणि पायाची थोडी ताकद खाते.

"म्हणजे आखीन एक पार्ट साफ करा लागते."

"तेच म्हणून रायलो."

यापुढचं बोलणं लपवाछपवीचं. नवीन सायकल बाजारात यायच्या आधी शर्यतीत पळते. काळाकुट्ट कार्बनचा सांगाडा, नाव नाही, दुव्यांवर कापड गुंडाळलेलं. खेळाडूला तोंड बंद ठेवायला सांगतात, पण फोटोवाले गवतात झोपून बोल्ट मोजतात. यातला कळस होंडा. 2003 साली तिनं जपानात एक उताराची सायकल पळवली, आरएन-01. मागं गिअरच नाहीत, मधोमध एक बंद खोका. ग्रेग मिनार हा दक्षिण आफ्रिकेचा नामी खेळाडू तिच्यावर वर्ल्ड कप खेळला. खोक्यात काय ते कुणाला दाखवायचं नाही. लोकांना वाटलं, मोटारसायकलचा गिअरबॉक्स असणार. शेवटी कळलं की आत आपला साधा चेन सरकवणारा डिरेलरच होता, फक्त झाकलेला. काही वर्षांनी होंडानं टीम गुंडाळली आणि ती सायकल कुणालाच विकली नाही.

"एवढं झाकून आत तेच?" वैनी हसल्या आणि गल्लीतल्या एका घराकडं बघून भुवई उडवली. ते मी इथं लिहीत नाही.

पण होंडाचा विचार खोटा नव्हता, आणि हे मी डंपरवाला म्हणून सांगतो. चाकाला लटकलेलं वजन जितकं जास्त, तितकं शॉकअपला ते आवरणं जड. मागचा गिअरचा झुबका चाकावरून काढून सांगाड्याच्या मध्यात आणला की चाक हलकं होतं आणि दगडावर जास्त चिकटून चालतं. जर्मनीत पोर्शेतून बाहेर पडलेल्या दोघा इंजिनिअरांनी पिनियन नावाचा खराखुरा गिअरबॉक्स त्याच जागी बसवला. वजन आणि किंमत जरा जास्त, म्हणून अजून सगळे तिकडं वळले नाहीत. वळतील असं माझं मत.

नव्या मालातलं आणखी थोडं. रॉकशॉक्सनं 2021 ला फ्लाइट अटेंडंट काढलं. फोर्कात, शॉकअपात आणि पायडलाच्या दांड्यात सेन्सर, चढ आला की शॉकअप आपोआप कडक, खड्डा आला की मोकळं. "चार्जिंग करा लागते?" वैनींनी लगेच विचारलं. करावी लागते. फॉक्सनं पोडियम नावाचा उलटा फोर्क आणला, जाड नळी वर आणि बारीक खाली. चाकणला बनणाऱ्या ड्यूकला असतो तसा. मोटारसायकलीवर तो कधीचाच आहे. सायकलीवर तो पिळला जातो म्हणून लोक बिचकत होते. आणि वेल्समधली अ‍ॅथर्टन भावंडं, स्वतः शर्यतींत नाव काढलेली, टायटॅनियमचे सांधे थ्री-डी प्रिंटरवर काढून त्यात कार्बनच्या नळ्या चिकटवतात. साचा करायचाच नाही, म्हणून पिव्हट चार मिलिमीटर हलवून पाहायचा तर नवा सांधा छापला की झालं. बाकी कंपन्यांना साच्यासाठी महिने लागतात. मला या साऱ्यांत हेच सगळ्यात आवडलं, चार्जिंगवालं नाही.

तेवढ्यात वैनींच्या सासूबाई ओट्यावरून बोलल्या. त्या कधीपासून ऐकत होत्या कोण जाणे.

"आनंदवनाच्या बाबा आमट्याईनं पंच्याऐंशी साली सायकलीनं देश जोडला. कन्याकुमारीहून काश्मीर. त्या पोट्ट्याईच्या सायकलीले कोणतं शॉकअप होतं रे?"

आनंदवन वरोऱ्याचंच, त्यामुळं बाबांच्या त्या भारत जोडोचं नाव इथं काढलं की समोरच्यानं गप्प बसायचं असतं. तरी मी बोललोच. "आजी, थो डांबरी रस्ता होता. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ 2017 ले अमेरिका आडवी पार करून आले, त्याईच्याबी सायकलीले शॉकअप नोयतं. रस्त्याले नाही लागत. अन् बाबांचा मणका हिसके सोसणारा नोयता, म्हून थे संगं गाडीत आडवे पडून गेले. दगडातून जाचं तं मणक्याचा विचार करा लागते."

आजी 'हूं' म्हणाल्या. त्यांचं ते 'हूं' मान्य असल्याचं नसतं.

"पण वरोऱ्यात डोंगर कुठं हाय? कोळशाच्या ट्रकाईचे खड्डे हायत, तेवढे."

"पोट्टा पुण्यात चालवीन ना. वेताळ टेकडी हाय, सिंहगडाकडचा दगडगोटा हाय. अन् हे येडं एकट्या त्याचं नाही. संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बायकिंगची राष्ट्रीय विजेती झालेली हाय. पुण्यातच विनय मेनन अन् मंडळीनं सायनाइड नावानं आपल्या इथं आखलेली सायकल काढली, फ्युरान. हार्डटेल. म्हणजे पुढं शॉकअप, मागं कडक. मागं पिव्हटच नाही, तं भांडणबी नाही. माझं ऐकाल तं शिकाऊ पोट्ट्यानं पयले अशीच घ्याव. अर्ध्याहून कमी पैशात होते, अन् पुढचा फोर्क हवा-तेलाचा चांगला घेता येते. स्वस्तातली दोन्हीकडची घेसान, तं हे पेरूखालची होते पुन्हा. अन् दीड लाखाचीच घ्याची असन, तं दरसाल शॉकअपची सर्व्हिस करा लागते, सील बदला लागते, बेरिंग बदला लागते. हवा भराले पंपबी येगळा, सायकलच्या दुकानातला नाही चालत. हे त्यानं सांगतलं का तुमाले?"

"नाही सांगतलं!"

वैनींनी गोधडी तशीच अर्धी भिंतीवर ठेवली आणि पदरातून मोबाईल काढला. पलीकडून पोराचा आवाज आला, झोपेतला.

"हो रे, मीच. पैसे पाठोतो, पण आधी सांग. पिव्हट वर हाय का खाली? आयडलर हाय? सॅग किती ठेवशीन? ... काय काय करून रायला, सॅग विचारून रायली मी! अन् सीलचे पैसे दरसाल कोण देईन?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पोरगा हळूच म्हणाला,

"आई, भिंतीजवळ उभी हाय का तू?"