कोर्सकाका

मयूर विहार फेज वनच्या बहुतेक सोसायट्यांत केंद्र सरकारातून निवृत्त झालेला एक तरी मराठी गृहस्थ सापडतो. पेन्शन, माकडटोपी आणि मदर डेअरीची पिशवी सगळ्यांची सारखीच. फरक फक्त भवनाचा. रेल भवनवाला मेट्रोच्या उशिराची चौकशी लावतो, निर्माण भवनवाला गळक्या भिंतीखाली उभा राहून शेरे मारतो. आमचे कोर्सकाका कृषी भवनातले. ज्वारी, बाजरी, नाचणी या सगळ्यांना फायलीवर ‘कोर्स’ लिहिण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर फायली तिथेच राहिल्या, विशेषण तेवढं घरी आलं.

ते वाटेल तसं वापरलेलं मात्र त्यांना खपत नाही. पृष्ठभाग खरखरीत असेल तर ‘रफ’, दाणा भरड असेल तर ‘कोर्स’. दिल्लीचे ठेकेदार बारीक वाळूला जमुना म्हणतात आणि जाड वाळूला बदरपूर. सोसायटीत दुरुस्ती निघाली की काका बदरपूर मुठीत घेऊन चोळतात आणि “ठेकेदारजी, ये कोर्स नहीं है” म्हणून ट्रक अडवून धरतात. मल्याळी दुकानातला लाल तांदूळ कोर्स. वरच्या मजल्यावरच्या पोराची दाढी रफ, भाषा कोर्स. योगवर्गाच्या नोटिशीत कुणी कोर्सच्या स्पेलिंगात ‘यू’ऐवजी ‘ए’ टाकला, तर काकांनी खाली लाल शाईनं लिहिलं : ‘हा योग जाडाभरडा आहे काय? खुलासा व्हावा.’

एप्रिल 2018मध्ये घात झाला. सरकारनं राजपत्रात या धान्यांना ‘न्यूट्री-सीरियल्स’ म्हणून टाकलं. 2023च्या अर्थसंकल्पी भाषणात तर ती ‘श्री अन्न’ झाली, आणि तेच वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. काकांना एका बढतीसाठी किती सचिवांच्या केबिनबाहेर बसावं लागलं होतं! बाजरी कुठेही न बसता थेट ‘श्री’ झाली. “रिप्रेझेंटेशन कुणी दिलं होतं?” असं ते अजून विचारतात.

काकू नगरच्या. त्यांना या बढतीचं कौतुक नाही, राग आहे तो जुन्या हुद्द्याचा. परवा त्यांनी मूठभर ज्वारी काकांच्या तळहातावर ठेवली. “बघा बोटं फिरवून. यात भरड काय आहे?” काकांनी चष्मा लावून ती टेबलावर पसरली. दाणे घरंगळून पार सोफ्याखाली गेले, इतके गुळगुळीत. कृषी भवनात ज्वारी नेहमी टंकलिखित स्वरूपातच समोर आलेली; हातात पहिल्यांदाच येत होती. “तपासून सादर करतो,” एवढंच ते म्हणाले.

माझ्या मते तपासणी यथावकाश चालू राहील. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर काकूंची भाकरी जरूर खा, पण ताटावर बसून ‘मिलेट’ हा शब्द काढू नका. शेवटची मेट्रो चुकेल.