आजीवन, म्हणजे अठ्ठावीस दिवस

आईच्या मोबाइलमधली ५ची कळ गेली. बाकीचे नऊ आकडे ठणठणीत. पण तिच्या गोतावळ्यात नंबरात ५ नसलेली दोनच माणसं निघाली. एक मामा, आणि तो फोन उचलत नाही. दुसरा गॅसवाला, तोही उचलत नाही.

तेव्हा नवा फोन घेतला. टचवाला. पाऊण तासात सौदा, वर कव्हर आणि काच फुकट. आईची अट एकच: "नंबर हाच राहू दे रे." बरोबरच आहे. भिशी, दूधवाला, बँक, आधार, रेशन, सगळ्यांच्या वहीत आई म्हणजे हे दहा आकडे. फोन काय, अंगावरचा सदरा. नंबर म्हणजे सातबारा.

जुनं सिम काढलं. नव्या फोनची खाच नखाएवढी, सिम रव्याच्या वडीएवढं. दुकानातल्या पोराने कटर उचललं आणि परत ठेवलं. "काका, टू-जीचं आहे. कापून बसेल, पण फोर-जी याला विचारत नाही." सिमचा आकार कापता येतो, वय नाही. तर बदलून आणा. बदलून मिळतं, नंबर आणि बॅलन्स तसाच राहतो, असं सगळे सांगतात. राहतोही. फक्त आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागतं.

इथे गोम होती. नंबर आईचा, रिचार्ज आईच्या पेन्शनमधून, वीस वर्षं बोलली आई. सिम माझ्या नावावर. २००६ साली फॉर्मला फोटो माझाच खिशात होता, म्हणून. त्यामुळे काउंटरवर आईला कोणी विचारेना. तिने हौसेने आधारकार्ड प्लास्टिकच्या पिशवीतून काढलं होतं, ते परत पिशवीत गेलं. माझा अंगठा घेतला. नाही जुळला. पँटीला पुसला. नाही जुळला. तिसऱ्यांदा जुळला, तेव्हा मला मुलगी पसंत पडल्यासारखा आनंद झाला. मग फोटो. "डोळे मिचकवा." मिचकवले. "आता जुन्या फोनवरून, नव्या सिमवरचा नंबर मेसेज करा."

सिमच्या पाठीवर एकोणीस आकडे असतात. त्यात ५ तीनदा.

शेवटी जुनं सिम माझ्या फोनमध्ये घालून मेसेज केला. थोडक्यात, जुना फोन बदलायला चालू असलेला जुना फोन लागतो.

नवं सिम सुरू झालं आणि मेसेज बंद. सिम बदललं की चोवीस तास ना एसएमएस येत, ना जात. हा नियम शहाणपणाचा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. परस्पर सिम बदलून लोकांची खाती धुतली गेली, म्हणून तो आला. १ जुलै २०२४पासून तर सिम बदलल्यावर सात दिवस दुसऱ्या कंपनीतही जाता येत नाही. पण नव्या फोनला ओटीपीची भूक लागते ती नेमकी याच चोवीस तासांत. बँकेचं अ‍ॅप मेसेज मागतं, यूपीआय मेसेज मागतं. आई दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसली. बाळ रडत नाही म्हणून काळजी करावी तशी.

आता त्या जुन्या सिमविषयी. ते ‘लाइफटाइम’ होतं. ९९९ रुपये एकदाच भरायचे, येणारे फोन आजन्म. मी ते हौसेने घेतलं होतं. पुढे कळलं की यातलं आयुष्य ग्राहकाचं नसून कंपनीच्या परवान्याचं. २०१८ संपता संपता निरोप आला: दर २८ दिवसांनी रिचार्ज करा, नाहीतर गप्प बसा. पंचांगात अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. यांच्याकडे दरसाल येतो. ३६५ला २८ने भागा, तेरा रिचार्ज निघतात. मग २०२२ साली दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने सांगितलं, ३० दिवसांचा निदान एक तरी प्लॅन ठेवा. ठेवला. कुठे ठेवलाय, ते दुकानदाराला आठवत नाही.

आणि ज्या फोनला इंटरनेट कशाशी खातात ठाऊक नव्हतं, त्यासाठी आई अनेक वर्षं रोजच्या डेटाचे पैसे भरत होती. दररोज रात्री बाराला तो अख्खा डेटा अंगाला न लागता जायचा. नुसतं बोलणं आणि मेसेज, असाही रिचार्ज ठेवा, हे ट्रायला डिसेंबर २०२४मध्ये सांगावं लागलं. आता तो मिळतो. आईने टचवाला फोन घेतल्यावर मला त्याचा पत्ता लागला.

नावांचं मात्र बरं झालं. जुन्या सिमवरची, ते माझ्या फोनमध्ये असतानाच उतरवून घेतली होती, ती आली, फक्त शेपट्या तुटून: ‘सुमनवहिनी कोल्’, ‘डॉक्टर गुडघ्या’. फोनमध्ये साठवलेली आली नाहीत. ती आईने डाळीच्या डब्यामागच्या डायरीतून वाचून दाखवली, पेन्सिलने लिहिलेली. हिला बॅकअप शिकवायला निघालो होतो मी.

चोवीस तास झाले, ओटीपी आले, सगळं मार्गी लागलं. परवा रात्री वीज गेली. नव्या फोनची बॅटरी कुठल्या चित्राखाली असते ते शोधेपर्यंत आईने फळीवरचा जुना फोन उचलला, कळ दाबली आणि लख्ख उजेड पाडला. काल मला त्याच दुकानात धाडलं, जुन्या फोनला नवी बॅटरी आणायला.

दीडशे रुपये. अंगठा मागितला नाही.