विक्रीपूर्व डागडुजी

विकायला काढलेल्या घराची डागडुजी दोन कारणांनी केली जाते: भाव चांगला यावा म्हणून आणि बघायला येणारे काय म्हणतील म्हणून. खर्चाचा मोठा वाटा दुसऱ्या कारणाकडे जातो आणि त्यातलं सहसा काहीच परत येत नाही. पहिल्या कारणासाठी जे करायला हवं ते स्वस्त, कंटाळवाणं आणि चारचौघांत मिरवता न येण्याजोगं असल्यामुळे राहून जातं. पुण्यात कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांत १९८५ ते २००० च्या दरम्यान उभ्या राहिलेल्या, बऱ्याचशा बिनलिफ्टच्या सोसायट्यांमधले टू बीएचके फ्लॅट या विषयाच्या अभ्यासाला विशेष सोयीचे. त्यांचे मूळ मालक आता सत्तरीच्या आसपास आहेत, गुडघे जिन्याला कंटाळले आहेत आणि मुलं बाणेरला किंवा बोस्टनला आहेत.

अशा मालकाला स्वतःचं घर विकायचं ठरल्यावरच पहिल्यांदा नीट दिसतं. बाथरूमची कडी लावताना दार जरा उचलून घ्यावं लागतं, हे घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. हॉलमधल्या बोर्डावरचं तिसरं बटण दाबलं की पंखा लागतो, पण त्यासाठी चौथं आधी चालू असावं लागतं. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण आवळून मग किंचित मागे घ्यायचा, नाहीतर तो रात्रभर ठिबकतो. गिऱ्हाइकाला यातलं काहीच शिकवलेलं नसतं. ते येतं, कडी लावून बघतं, नळ सोडून बघतं आणि पाच मिनिटांत वीस वर्षांचा आळस मोजून मोकळं होतं. ठिबकणारा नळ बघून त्याला वायसर आठवत नाही, भिंतीआडची सगळी पाइपलाइन आठवते, आणि भाव त्या हिशेबाने खाली येतो. म्हणून प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि सुतार यांचा एकेक दिवस ही या क्षेत्रातली सर्वांत किफायतशीर गुंतवणूक होय. अडचण एवढीच, की हे तिघेही सांगितलेल्या दिवशी येत नाहीत आणि आले की "हे काम कोणी केलंय?" असं तुच्छतेने विचारतात. बहुधा त्यांनीच केलेलं असतं.

यापेक्षा गंभीर प्रकरण ओलीचं. जुन्या फ्लॅटमध्ये ती गच्चीतून, बाहेरच्या भिंतीच्या भेगांतून किंवा वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून येते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची गळती हा संस्थेचा खर्च. बाथरूम, संडास, सिंक यांतून होणारी आतली गळती सभासदाने स्वतःच्या पैशाने थांबवायची. नियम इतका स्पष्ट असूनही वरच्या मजल्यावरच्या काकांच्या मते पाणी 'कॉमन लाइन'मधून येतं, सेक्रेटरींच्या मते काकांच्या फरशीच्या सांध्यांतून येतं आणि प्लंबरच्या मते फोडल्याशिवाय काही सांगता येत नाही. हा वाद तीन पावसाळे आरामात पुरतो.

दरम्यान विक्रेत्याच्या मनात पहिला विचार येतो तो वरून रंग मारण्याचा. ओल येताना क्षार घेऊन येते, ते प्लास्टरवर पांढरे फुलून येतात, लांबी सुटते आणि रंगाला पोपडे धरतात. नुसत्या रंगाने यातलं काहीच थांबत नाही. साधा चुना निदान गुपचूप भुरभुरतो, महागडा प्लास्टिक पेंट ताटाएवढा पोपडा धरून उभा राहतो. दुसरा विचार झाकण्याचा. डागावर कॅलेंडर लागतं. पण छतापासून अर्ध्या फुटावर कॅलेंडर कोणी लावत नाही हे मुरलेलं गिऱ्हाईक जाणून असतं आणि शिडी मागतं. खाली डाग असेल तर कपाट सरकवलं जातं आणि ते अर्धी खिडकी अडवून उभं राहतं.

योग्य क्रम असा: आधी वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप आणि फरशीचे सांधे दुरुस्त करायचे, मग भिंत पुरती सुकेपर्यंत काही आठवडे कळ काढायची, मग सैल झालेलं प्लास्टर पाडून नवं करायचं आणि प्रायमर, लांबी, पुन्हा प्रायमर होऊन सगळ्यात शेवटी रंग. वरच्या काकांच्या बाथरूमचा खर्च खालच्याने उचलणं तत्त्वाला धरून नाही, पण हिशेबाला धरून आहे. तत्त्वाच्या बाजूने ठाम उभे राहिलेले विक्रेते पुढच्या पावसाळ्यातही विक्रेतेच असतात.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सगळ्या खोल्यांना एकच फिकट रंग द्यावा आणि रंगाऱ्याचं शेडकार्ड घरातल्या कोणाच्याही हाती पडू देऊ नये. एका भिंतीला सोनेरी टेक्स्चर देण्याची सूचना रंगारी करतोच. तो त्याच्या धंद्याचा भाग आहे.

खरा पैसा बुडतो तो स्वयंपाकघरात. कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइटचा करायचा, खाली ट्रॉल्या, वर चिमणी, असा बेत निघतो. हा ओटा घरातल्या बाईने १९९४ पासून मागितलेला असतो आणि दरवर्षी 'पुढच्या वर्षी बघू' हे उत्तर ऐकलेलं असतं. आता तो होतो, पण कुठल्या तरी परक्या बाईसाठी. यावरून घरात जे बोलणं होतं ते गृहसुधारणेच्या कक्षेबाहेरचं आहे. शिवाय येणाऱ्या बाईला ओटा दोन इंच उंच हवा असतो, किंवा तिच्या सासऱ्यांच्या वास्तुतज्ज्ञाने शेगडीचं तोंड फिरवायला सांगितलेलं असतं. विक्रेता नव्या ओट्याचे तीन लाख किमतीत धरतो. गिऱ्हाईक तो फोडायचे वीस हजार किमतीतून वजा करतं. वास्तुशास्त्राप्रमाणे आधीच बदल करून ठेवण्यातही अर्थ नाही, कारण प्रत्येक गिऱ्हाईक आपला तज्ज्ञ बरोबर आणतं आणि दोन तज्ज्ञांचं ईशान्य दिशेखेरीज कशावरही एकमत होत नाही.

फरशीची गोष्ट थोडी निराळी. त्या काळातल्या फ्लॅटना बहुधा मोझेक टाइल असते, आणि ती मळकट दिसते म्हणून तिच्यावरच नवी व्हिट्रिफाइड टाइल बसवण्याचा मोह होतो. त्याने जमीन बोटभर वर येते. मग सगळी दारं खालून तासावी लागतात आणि स्लॅबवर कारण नसताना वजन चढतं. उलट मोझेकला मशीनने पॉलिश करून घेतलं तर खर्च बराच कमी येतो आणि तीस वर्षांचा थर निघून आतले संगमरवराचे तुकडे चमकू लागतात. दोन दिवस घरभर राखाडी चिखल होतो, तेवढा सोसावा. फॉल्स सीलिंगही टाळावं. जुन्या फ्लॅटची उंची हा त्यांच्या नव्या टॉवरपुढे टिकणाऱ्या मोजक्या गुणांपैकी एक. तो पीओपीने झाकून त्यात निळे दिवे बसवण्याने गिऱ्हाइकाला फक्त हॉटेलची आठवण होते. सरकार तर याकडे बघतही नाही. मुद्रांक शुल्कासाठी धरायचा रेडी रेकनरचा दर भाग, क्षेत्रफळ, इमारतीचं वय असल्या गोष्टी पाहतो; इटालियन मार्बल आणि शहाबादी फरशी त्याला सारखीच.

काही सुधारणा किंमत वाढवण्याऐवजी कमी करतात. गॅलरी काचेने बंद करून तिथे देवघर किंवा अभ्यासाची खोली करणं ही यांतली सर्वांत लोकप्रिय. गिऱ्हाइकाने कर्ज काढलं असेल तर बँकेचा माणूस मंजूर नकाशा घेऊन येतो, आणि नकाशात गॅलरी असते. हॉल मोठा करायला पाडलेली भिंतही नकाशात तशीच उभी असते. अशा वेळी गॅलरी पुन्हा उघडी करणं हीच सुधारणा. देवांना मात्र आधी हॉलमध्ये जागा करावी लागते.

बिनखर्ची सुधारणा एकच आहे, आणि ती सर्वांत अवघड: माळा रिकामा करणं. माळ्यावर पितळी बंब असतो, जो कधीतरी कल्हई करून शोभेला ठेवायचा असतो. टीव्हीचं खोकं असतं. टीव्ही जाऊन पंधरा वर्षं झाली तरी 'बदलीत लागेल' म्हणून ते ठेवलेलं असतं आणि मालक निवृत्त होऊनही बरीच वर्षं लोटलेली असतात. थर्मोकोलचं मखर असतं, ज्याच्यावर २०१८ च्या प्लास्टिकबंदीत बंदी आली, पण कळस चांगला आहे. पाटा-वरवंटा, १९९० च्या दशकातले दिवाळी अंक, मुलीची सायकल, तिची आधाराची चाकं वेगळ्या पिशवीत. हे सगळं हलवलं की खोली दोन फुटांनी मोठी वाटते, असं प्रत्येक एजंट सांगतो आणि ते खरं आहे. तरी माळा रिकामा होत नाही. बंब खाली येतो, पुसला जातो, त्याच्याभोवती चहा होतो, त्यात आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या आजीची आठवण निघते आणि संध्याकाळी बंब वर जातो. भंगारवाल्याला शेवटी खोकं मिळतं, तेही आतला थर्मोकोल काढून ठेवून.

कागदपत्रांची डागडुजी हीदेखील गृहसुधारणाच, किंबहुना सर्वांत जास्त परतावा देणारी. बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा, इंडेक्स टू, मिळकतकराची पावती, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि शेअर सर्टिफिकेट हे सगळं एका फाइलमध्ये सापडलं तर गिऱ्हाईक भारावून जातं, कारण त्याला असा अनुभव नसतो. शेअर सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव असेल आणि ते जाऊन अकरा वर्षं झाली असतील, तर ओट्याला हात लावण्याआधी ते प्रकरण हाती घ्यावं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नागपूरच्या बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागतं, आणि बहिणीला घर विकलं जाणार हे ओटा बसवल्यावर कळलं तर हक्क सोडण्याची घाई तिला उरत नाही. सोसायटीला विक्रीची पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची असते. महापालिका हद्दीत हस्तांतर शुल्क २५,००० रुपयांवर घेता येत नाही, आणि वर देणगीही मागता येत नाही, असं ९ ऑगस्ट २००१ चं सरकारी परिपत्रक सांगतं. कमिटीने त्याउपर 'स्वेच्छेने' काही सुचवलं तर परिपत्रकाची प्रत काढून दाखवावी, मात्र दाखला हातात पडल्यावर.

इमारत तीस वर्षांच्या पुढे गेली असेल तर उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट होतं आणि रीडेव्हलपमेंटची बोलणी सुरू होतात. अशा ठिकाणी वर सांगितलेलं जवळजवळ काहीही करू नये. तिथे गिऱ्हाईक घर विकत घेत नसून पुढे मिळणारे चौरस फूट विकत घेतं. बाथरूमच्या टाइलकडे ते बघतसुद्धा नाही, कार्पेट एरिया विचारतं. अर्थात बोलणी सुरू असणं आणि इमारत पडणं यांत काही ठिकाणी पंधरा-पंधरा वर्षं जातात, त्यामुळे गळका नळ दुरुस्त केलेला बरा.

मुहूर्ताचं थोडक्यात: पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून तो पंधरवडा कामाला चांगला, पण गवंडी नेमका तेव्हा गावी जातो. पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा यांच्या आधीचे आठवडे घर दाखवायला बरे. पावसाळ्यात दाखवलेलं कोरडं घर सर्वांत लवकर विकलं जातं.

राहता राहिला प्राप्तिकर. चोवीस महिन्यांहून जास्त काळ ताब्यात असलेल्या घराच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे; त्याआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे. 'सुधारणा' म्हणून केलेला खर्च नफ्यातून वजा होतो. रंग, पॉलिश आणि वायसर ही नुसती दुरुस्ती, ती साधारणपणे धरत नाहीत. ओटा, नवी पाइपलाइन, खिडक्या असल्या टिकाऊ गोष्टी १ एप्रिल २००१ नंतर केलेल्या असतील आणि बिलं असतील तर धरता येतात. गवंड्याचा हिशेब वहीच्या फाटक्या पानावर असतो, सुताराचा तोंडी असतो, आणि ग्रॅनाइटवाल्याने "पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वर" असं सांगितल्यावर मालकाने मोठ्या हुशारीने नको म्हटलेलं असतं.