पंधरा इंची रुबाब

शनिवार-रविवारी आमच्या कर्जतला फार्महाउसवाल्यांच्या एवढ्या धिप्पाड गाड्या येतात, की चार फाट्यावर आपली हॅचबॅक उभी करायची लाज वाटते. "मामा, गाडी चांगलीये, चाकं पोरकट आहेत," असं निदान भाच्याने केलं. १३ इंची चाकं गेली, १५ इंची अलॉय आले. १५५/८० चे टायर गेले, १८५/६५ चे आले. गाडी खरंच देखणी दिसू लागली. उभी असताना.

चालू लागली की बापाच्या चपला घालून पळणाऱ्या पोरासारखी. सासूबाई मागे बसल्या की प्रत्येक गतिरोधकावर टायर आत घर्रकन घासायचा आणि त्या विचारायच्या, "माझ्यामुळे का हो?" या प्रश्नाला जावयाकडे उत्तर नसतं.

खरा दणका टाकी फुल केल्यावर बसला. १८ देणारी गाडी १५ वर आली! आधी पंपावर संशय घेतला, मग गल्लीतल्या पोरांवर. शेवटी खालापूरहून पनवेलच्या दिशेने एक्सप्रेसवेवरच्या किलोमीटरच्या पाट्या मोजत गेलो. पाट्यांप्रमाणे १० किलोमीटर झाले, मीटर ९.३ वरच. घरी येऊन कागद काढला. जुनं चाक ५७८ मिलिमीटर व्यासाचं, नवं ६२२. एका फेऱ्यात गाडी सुमारे साडेसात टक्के जास्त जाते, आणि मीटर बिचारा फक्त फेरे मोजतो. म्हणजे १५ चं खरं अॅव्हरेज १६ होतं. वेगाचा काटाही त्याच हिशेबाने मागे. तो शंभरावर ठेवून मी कॅमेऱ्याखालून सज्जनासारखा जायचो. तो सज्जनपणा नेमका कितीचा होता, हे गणित मी सोडवलं नाही.

उरलेले दोन मात्र खरोखर गेले होते. टायर रुंद, चाक जड, आणि जडपणा सगळा कडेला. चार फाट्याच्या गर्दीत थांबून निघताना प्रत्येक वेळी ते ओझं नव्याने फिरवायचं. मोठ्या चाकाने सपाटीवर इंजिनाचे फेरे कमी होतात, हे भाच्याने सांगितलं होतं. खोपोलीच्या पुढे सपाटी नसते, हे नव्हतं सांगितलं. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी दुसऱ्यावरून पहिल्यावर आली आणि मग थांबलीच. लोक तिथे श्रद्धेने नाणं टाकतात; मी थांबलोच होतो म्हणून टाकलं. घाट चढायला कर्जतला रेल्वेच्या मागे बँकर इंजिनं जोडतात, त्या गाड्यांचा त्या दिवशी फार हेवा वाटला.

जुनी चाकं परत बसवायची ठरली, तेव्हा कळलं की भाच्याने ती पळसदरीच्या एका शेतकऱ्याला परस्पर विकलीत. गेलो, तर ती पेंढा वाहायच्या ढकलगाडीला बसलेली.

"परत देता का? दाम वाढवून देतो."

"कशाला देऊ दादा? ढकलून बघा जरा, किती हलकी जाते. पेट्रोल पण लागत नाय."

ढकलून बघितली. पेंढ्यासकट गोठ्यापर्यंत नेऊन दिली.