हायड्रॉलिक काका

उपनगरातल्या प्रत्येक जुन्या सोसायटीत एक निवृत्त इंजिनिअर असलाच पाहिजे, असं बायलॉजमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. तरीही हा एकच नियम सगळीकडे कसोशीने पाळला जातो. घाटकोपरचा नमुना लिफ्टच्या मोटरला कान लावून बेअरिंगचं निदान करतो. बोरिवलीचा नमुना पाण्याच्या पंपाजवळ प्लंबरच्या डोक्यावर उभा असतो. आमच्या मुलुंडच्या नमुन्याने गवत कापायचं यंत्र घेतलं आणि तो हायड्रॉलिक काका झाला.

हा माणूस ओळखणं सोपं. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी असते. लग्नात जेवायला बसला की आधी टेबल डुगडुगतंय का बघतो आणि आहेराचं पाकीट दुमडून पायाखाली सारतो. शिक्षण व्हीजेटीआयचं, हे आपण न विचारता कळतं. नोकरी एलबीएस मार्गावरच्या कारखान्यात झाली. तिथे आता टॉवर उभे आहेत, पण काका अजून पत्ता सांगतात तो ‘आमच्या दोन नंबर शेडच्या समोर’ असाच. रिक्षावाला बिचारा शेड शोधतो.

कारखाना गेला तशी त्याच्या दारातली हिरवळही गेली, आणि त्या हिरवळीवर साहेबी थाटात बसून चालवायचं अमेरिकी यंत्र भंगारात निघालं. काकांनी ते वजनावर उचललं. काकूंना सांगितलेली किंमत आणि पावतीवरची किंमत यांत बरंच अंतर होतं. काकांच्या भाषेत याला टॉलरन्स म्हणतात.

आमच्या मागे येऊरचा डोंगर आहे, त्यामुळे सोसायटीच्या आरजी प्लॉटला, म्हणजे मोकळ्या मैदानाला, उतार. पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत आणि खाली निसरडा चिखल. यंत्राची फक्त मागची चाकं इंजिनावर चालायची, तीही पट्ट्याने. पहिल्याच सरीनंतर ते उतारावर जागच्या जागी फिरत बसलं आणि मागे उभ्या असलेल्या सेक्रेटरींची पांढरी पँट रंगवून मोकळं झालं. काका शांतपणे उतरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “चारही चाकांना ड्राइव्ह पाहिजे. हायड्रॉलिकच करू या!”

“अहो, त्यापेक्षा माळ्याला सांगा ना,” काकू वरच्या गॅलरीतून म्हणाल्या. मोठ्या शोधांच्या वेळी अशी एक सूचना नेहमीच होते आणि ती नेहमीच फेटाळली जाते.

काकांचं तर्कशास्त्र मात्र पक्कं. पुढची चाकं वळतात, त्यांच्यापर्यंत शाफ्ट न्यायचा म्हणजे सांध्यांची भानगड. त्यापेक्षा इंजिनाने एक पंप फिरवायचा, पंपाने तेल दाबायचं आणि रबरी होजमधून ते चारही चाकांवरच्या छोट्या मोटरांना द्यायचं. होज वाकतो, शाफ्ट वाकत नाही. पंपातली तबकडी तिरकी केली की तेल वाढतं, उलटी तिरकी केली की गाडी मागे. क्लच नको, गिअर नको. इंजिनाच्या ताकदीतला पाव हिस्सा तरी तेल तापवण्यातच जातो, हे तेवढं ते हळू आवाजात सांगतात.

खरी गंमत पुढे आहे. चारही मोटरांना एकाच नळीतून तेल दिलं, तर जे चाक चिखलात मोकळं फिरतंय तेच सगळं तेल पिऊन टाकतं आणि बाकीची तीन ढिम्म. जनरल बॉडीत जो विरोध करत नाही त्याच्याच गळ्यात सगळी कामं पडतात, तसं. मग तेलाची सारखी वाटणी करणारा फ्लो डिव्हायडर हवा. पण सारखी वाटणी केली की वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं, ते पळू शकत नाही आणि टायर घासतात. या एका पेचावर काकांनी दोन पावसाळे आनंदात काढले.

सामानासाठी नागदेवी, कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि रे रोडचा दारूखाना अशी त्यांची तीर्थयात्रा. दारूखान्यात फोडलेल्या जहाजांवरच्या सामानात त्यांना दोन मोटरा मिळाल्या. तोंडाला अर्ध्या इंचाचे अमेरिकी एनपीटी आटे. होजची फिटिंग आपल्याकडची बीएसपी. दोघांचेही इंचाला १४ आटे, म्हणून एकात दुसरं बिनतक्रार चढतं. पण आट्यांचा कोन एकाचा ६० अंश, दुसऱ्याचा ५५. त्यामुळे चढतं आणि गळतं. स्टिल्टमधल्या फरशीवर अडुसष्ट नंबरच्या तेलाचं तळं झालं आणि सेक्रेटरींनी नोटीस लावली. काकांनी नोटिशीतली ‘हायड्रोलीक’ची वेलांटी दुरुस्त करून खाली सही केली.

सभेत यंत्राचा विषय निघाला तेव्हा सोसायटीतले एक शेठ म्हणाले, “काका, गवत केटलुं ने मशीन केटलुं?” काका डगमगले नाहीत. गवत कापायचं यंत्र १८३० साली इंग्लंडच्या एडविन बडिंगने काढलं, तेही लोकरी कापडाची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र बघून. “म्हणजे हे गिरणीचंच लेकरू! आणि इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९६३ सालची, आपल्या कांदिवलीला ट्रॅक्टर बनले. आपल्याला चार चाकं फिरवता येऊ नयेत?” टाळ्या पडल्या. यंत्राचा ठराव मात्र नामंजूर झाला.

दरम्यान माळी दर पंधरवड्याला खांद्याला कटर लावून येतो, अर्ध्या सकाळीत प्लॉट साफ करतो, काकांकडे चहा पितो आणि मोटरा धरायला मदत करतो. गवताची अडचण कुणालाच उरलेली नाही, काकांना तर कधीच नव्हती. ज्या हातांनी शेडमध्ये मशिनं उभी केली, त्यांना पेन्शन नाही, पान्हा लागतो.

आता काम अडलंय ते एकाच ठिकाणी. दारूखान्याच्या मोटरा फेरीला १६० सीसी तेल घेतात, नागदेवीहून आणलेल्या दुसऱ्या दोन १०० सीसी. तेल सारखं वाटलं की लहान मोटरा पुढे पळणार आणि मोठ्या मागे ओढणार. तेव्हा कुणाच्या माळ्यावर, गाळ्यात किंवा सासऱ्यांच्या कपाटाखाली १६० सीसीच्या दोन ऑर्बिटल मोटरा पडून असतील, तर भंगारवाल्याला देऊ नका. मुलुंड पश्चिमेला कुठल्याही वॉचमनला हायड्रॉलिक काका विचारा. आटे एनपीटी असले तरी चालतील, पण काकूंसमोर किंमत बोलू नका.