सेटअप दादा

नांदेडचं श्रीनगर असो की लातूरचा औसा रोड, मार्च उजाडला की इंजिनिअरिंगच्या पोरांच्या रूमवर एक माणूस अवतरतो. तो पास झालाय की राहिलाय, हे कुणी विचारत नाही. पास झालेले त्याला आपल्यात धरत नाहीत, राहिलेल्यांत तो स्वतःला धरत नाही. अंगात कुठल्यातरी टेक-फेस्टचा टी-शर्ट, खिशात पेनड्राइव्ह, चहा तुमच्याकडून. हाच सेटअप दादा.

पोरांचा प्रोजेक्ट ठरलेला असतो : शेतीसाठी काहीतरी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात दुसरा विषय सुचणार तरी कसा? मातीत ओलाव्याचा सेन्सर खोचायचा, तो आर्डुइनो नॅनोला जोडायचा आणि लॅपटॉपवर पायथननं आलेख काढायचा. पण आलेखाच्या आधी सेटअप येतो, आणि सेटअप म्हटलं की दादा.

"पायथन टाकताना खालच्या बारक्या चौकोनात टिक केलतास का?" नाडीपरीक्षा सुरू होते. टिक कुणीच केलेली नसते. "गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतेत, अन् तुझ्या विंडोजला पायथनचा एक पाथ घावंना!"

मग बोर्डच दिसत नाही. स्वस्तातल्या नॅनोवर सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर दादाच्या पेनड्राइव्हमध्ये कायम मुक्कामाला. तरीही बोर्ड दिसेना, की तो केबल उपसतो. "ही नुसती चार्जिंगची हाय. हिच्यातून करंट जातो, डेटा नाही." आणि खिशातून स्वतःची केबल काढतो. दादा रात्रभर जागून देईल, पण ती केबल रात्रभर ठेवून जाणार नाही.

पुढचा घोळ पॅकेजचा. पोरानं 'सिरियल' टाकलेलं असतं, हवं असतं 'पायसिरियल'. "कोडात सिरियल लिहायचं, टाकताना पायसिरियल मागायचं."

"कामून दादा?"

"कामून विचारायचं नाही. टाकायचं."

जिथं तिघांत एक टॉवेल चालतो, त्या रूमवर दर प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केल्याशिवाय दादा चहाला हात लावत नाही.

अखेर स्क्रीनवर काहीतरी उमटतं : चौकोन, प्रश्नचिन्हं, भुताटकी. पोरं हबकतात, दादा खुलतो. "बोलायलंय की! वेग जुळंना एवढंच." तो ११५२०० चे ९६०० करतो आणि आकडे ओळीनं खाली पडू लागतात. त्याच क्षणी दादा चपला शोधू लागतो. आकडे येईपर्यंत काम त्याचं; त्यांचा अर्थ हे खातं त्याच्याकडं नाही.

एप्रिलात परीक्षक येतात. कुंडीला होळीपासून कुणी पाणी घातलेलं नसतं, आणि स्क्रीनवर १०२३! शून्यापासून सुरू होणाऱ्या मापातला सगळ्यात वरचा आकडा. "सर, ओलावा फुल!" पोरं छाती काढून सांगतात. परीक्षक कुंडीतलं ढेकूळ उचलून टेबलावर आपटतात. ठण्णकन वाजतं. या सेन्सरचा आकडा माती जितकी कोरडी तितका वर चढतो, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

पोरं बाहेर येऊन दादाला फोन लावतात.

"एरर येतोय का?"

"नाही दादा, पण सर म्हणायलेत..."

"एरर नाही ना? मग सेटअप बरोबर हाय," म्हणून दादा फोन ठेवतो. तो दुसऱ्या रूमवर केबल तपासत असतो.