पाट्या बदलून मिळतील

ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात मल्टिकल्चरल एंगेजमेंट सेंटर नावाचं एक कार्यालय होतं. कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, अमेरिकी आदिवासी घरांतल्या मुलांनी तिथे यावं, टेकावं, आपले कार्यक्रम ठरवावेत, अडलं तर विचारावं, इतकाच त्याचा उद्योग. 1 जानेवारी 2024 रोजी ते बंद झालं.

हॅपी न्यू इयर.

कारण सिनेट बिल 17. गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी जून 2023 मध्ये त्यावर सही केली. सरकारी विद्यापीठांत डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन या नावाने चालणारी कार्यालयं नकोत, असा हा कायदा. वर्गात शिकवायला त्याची हरकत नाही. संशोधनाला नाही. मुलांनी आपापली मंडळं चालवायलाही नाही. मग हरकत कशाला? या मुलांसाठी पगारी माणूस ठेवायला. फुकटात मदत केलीत तर टेक्सासचं काही म्हणणं नाही.

विद्यापीठ हुशार. त्याने रंगारी बोलावला. डायव्हर्सिटी अँड कम्युनिटी एंगेजमेंट या विभागातली डायव्हर्सिटी पुसली, तिथे कॅम्पस रंगवलं. जेंडर अँड सेक्शुअ‍ॅलिटी सेंटरचं विमेन्स कम्युनिटी सेंटर झालं. खुर्च्या त्याच, माणसं तीच, कॉफीचं मशीनही तेच. कायद्याला वळसा घातला म्हणून सगळे खूश.

तीन महिने.

मार्च 2024 मध्ये ब्रँडन क्राइटन या सिनेटरचं विद्यापीठांना पत्र आलं. नुसती नावं बदलून भागणार नाही, निधीचा विचार करावा लागेल, असा त्याचा सूर. हे बिल आणणारेही हेच. पाटी बदलून मतदाराला गंडवता येतं हो. राजकारण्याला कसं गंडवणार? त्याचा तो खानदानी धंदा.

एप्रिल उजाडला आणि तो नवा रंगवलेला विभागच गुंडाळला गेला. प्राध्यापकांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी नोकऱ्या गेलेल्यांचा आकडा सुमारे साठ सांगितला. रंगाऱ्याचं बिल मात्र चुकतं झालं असणार.

फ्लोरिडा विद्यापीठाने असा वेळ घालवला नाही. 1 मार्च 2024 रोजी डायव्हर्सिटीचं कार्यालय बंद, तेरा पूर्णवेळ पदं रद्द, वाचलेले सुमारे 50 लाख डॉलर प्राध्यापक भरतीच्या निधीत. युटामध्ये तर कार्यालयाच्या नावातच डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन हे शब्द नकोत, असा कायदा झाला. 2019 मध्ये थाटात उघडलेलं युटा विद्यापीठाचं ब्लॅक कल्चरल सेंटर 2024 मध्ये मिटलं. पाच वर्षं. आपल्याकडे एवढ्यात उड्डाणपुलाची निविदासुद्धा निघत नाही.

तुम्ही म्हणाल, टेक्सासला विशिष्ट मुलांसाठी खास सोय करण्याची तत्त्वतःच चीड असेल. छे! हेमन स्वेट नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाने 1946 मध्ये याच विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये अर्ज केला. गुण आड येत नव्हते, कातडी आली. तो कोर्टात गेला, तेव्हा राज्याने काय करावं? कृष्णवर्णीयांसाठी वेगळं लॉ स्कूल काढलं. ऑस्टिनमध्येच, एका इमारतीच्या तळघरात. स्वेटने तिथे पाऊल टाकलं नाही, आणि 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मूळ लॉ स्कूलचं दार उघडून दिलं.

एका मुलाला बाहेर ठेवण्यासाठी अख्खं लॉ स्कूल. एवढी तत्पर विद्यार्थी सेवा पुन्हा झाली नाही.

आणि ही कार्यालयं काही कुठल्या कुलगुरूला पहाटे स्वप्न पडून निघालेली नाहीत. मे 1968 मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेने थेट अध्यक्षांच्या दालनात ठिय्या दिला. त्यातून अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठीचं कार्यालय निघालं. सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सुरू झालेला संप पुढच्या मार्चपर्यंत चालला. मागण्या, घोषणा, पोलीस, लाठ्या. आपल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. मोर्चाने मिळालेलं कार्यालय परिपत्रकाने जातं, हेही त्याला ठाऊक आहे.

आता दुसऱ्या बाजूला टोचू. नाहीतर तिकडचे मित्र म्हणतील, एकालाच झोडपतो.

मिशिगन विद्यापीठाने 2016 पासून या विविधतेच्या कामावर सुमारे 25 कोटी डॉलर ओतल्याचा हिशेब ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 2024 मध्ये मांडला. डॉलर! एवढ्यात मुलांना किती आपलंसं वाटलं असेल? विद्यापीठाच्याच पाहणीत उलट निघालं. आपलेपणा पूर्वीपेक्षा कमी. आराखडे झाले, उपआराखडे झाले, प्रत्येक विभागाला एक समन्वयक मिळाला, आणि एकटं पडलेलं पोर होतं तिथेच राहिलं. मार्च 2025 मध्ये वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारचा दट्ट्या आला आणि विविधतेचं कार्यालय बंद झालं.

काम करणारं केंद्र आणि स्लाइड दाखवणारं केंद्र, दोन्ही एकाच कुऱ्हाडीने. कुऱ्हाडीला कुठे वाचता येतं?

या सगळ्यात आपली मंडळी कुठे? 2024-25 मध्ये अमेरिकेत 3,63,019 भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत आपला पहिला नंबर. यांच्यासाठी वेगळं इंटरनॅशनल ऑफिस असतं, आय-20 हा प्रवेशाचा कागद आणि व्हिसा यांची कामं तिथे होतात. टेक्सासच्या कायद्याने त्याला हात लावला नाही. कसा लावणार? ही मुलं फी भरतात, तीही बाहेरच्यांच्या दराने. पूर्ण पैसे मोजणाऱ्याचं वैविध्य कुणाला खुपत नाही.

तिथेच स्थायिक झालेल्या काकांचं वेगळंच. दिवाळीच्या फराळाला त्यांच्या दिवाणखान्यात ‘मेरिट’वर व्याख्यान असतं. आम्ही आलो तेव्हा आम्हाला कोणी दिली होती सवलत? जून 2023 मध्ये हार्वर्डच्या खटल्यात वंशाधारित प्रवेश रद्द झाले, तेव्हा याच घरात पेढे वाटले गेले. त्यांची लेक टेक्सास विद्यापीठात आशियाई-देसी मुलांच्या वेगळ्या पदवीदान सोहळ्यात साडी नेसून मिरवणार होती. विद्यापीठाने असल्या सोहळ्यांवरचा हात काढला. मुलांना बाहेरून पैसे जमवावे लागले.

काकांनी चेक दिला म्हणे. वैविध्य वाईटच, पण लेकीचा फोटो चुकता कामा नये.

काकांचा आणखी एक लाडका सिद्धान्त असतो: अमेरिकेत जात नाही. 2022 च्या जानेवारीत कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख घातला. त्याच वर्षी दोन भारतीय वंशाचे प्राध्यापक त्याविरुद्ध कोर्टात गेले. जे नाहीच, ते कागदावर आलं तर एवढी आग का व्हावी? दलित विद्यार्थ्याने तक्रार घेऊन जावं कुठे, हा प्रश्न मात्र फराळाच्या ताटापर्यंत पोचत नाही.

कार्यालयं नव्हती तेव्हा कसं चालायचं? माणसांवर. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटर बाईंनी त्यांना घरात ठेवून घेतलं. ना पद, ना विभाग, ना वार्षिक अहवाल. आनंदीबाईंच्या पेनसिल्व्हेनियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला 1885 चा तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो: आनंदीबाई, जपानची ओकामी, सीरियाची इस्लामबुली, तिघी आपापल्या पोशाखात. आज असा फोटो निघाला तर दुपारपर्यंत माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर जाईल. हॉस्टेलच्या खोलीत थंडी किती वाजते, ते पान सतरावर.

तेही नाही.

1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला पोचले. हार्टले हॉल या वसतिगृहातलं जेवण जाईना, म्हणून ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. साडेअकरा पौंड महिना ही बडोद्याची शिष्यवृत्ती आणि एक खोलीसोबती. पुढे जन्मभराचा दोस्त झाला तो. आता याची केपीआय कशी काढायची?

आपल्या पुण्यातही असंच झालं. फर्ग्युसनचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि हॉस्टेलचे रेक्टर शां. ब. मुजुमदार यांना एक मुलगी खोलीच्या खिडकीतून डबा देताना दिसली. आत मॉरिशसचा मुलगा, काविळीने आडवा. परक्या गावात त्याचं कोणी नव्हतं. 1971 मध्ये परदेशी मुलांसाठी सांस्कृतिक केंद्र म्हणून सिम्बायोसिस सुरू झालं ते या खिडकीतून. त्या खिडकीतून पुढे केवढं विद्यापीठ बाहेर पडलं, ते सेनापती बापट रोडवर जाऊन बघा. पार्किंग मिळालं तर.

बाकी आपला प्रश्न अमेरिकेच्या उलटा. तिथे पाटी गेली म्हणून काम गेलं. इथे पाटी लागली की काम झालं.

यूजीसीने समतेचे नियम 2012 मध्येच केले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारी हवा. कक्ष उघडले? उघडले की. कुलूप लावायला दार हवंच. मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी 2019 मध्ये जीव दिला, जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला. त्यांच्या आई आणि हैदराबाद विद्यापीठात तसाच जीव दिलेल्या रोहित वेमुलाची आई, दोघींनी सर्वोच्च न्यायालयात विचारलं की या नियमांचं केलंत काय? दोन आयांना दिल्लीचं दार ठोठावावं लागलं, तेव्हा नवे नियम लिहायला घेतले गेले. ते जानेवारी 2026 मध्ये निघाले. त्याच महिन्यात, देशभर गदारोळ झाल्यावर, न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली.

म्हणजे पुन्हा 2012. कुलूप तेच आहे, किल्ली शोधा.

आणि आपण म्हणे विश्वगुरू होणार. ‘स्टडी इन इंडिया’ 2018 मध्ये सुरू झालं, 2023 पर्यंत दोन लाख परदेशी विद्यार्थी आणायचे होते. सरकारच्याच पाहणीत 2021-22 मध्ये ते भरले 46,878. दोन वर्षांपूर्वी 49,348 होते. कोविड होता, मान्य. पण त्यातले चौथाई हिश्श्याहून जास्त नेपाळचे. जग येणार होतं, शेजारी आले.

आलेल्याचं स्वागत कसं? व्हिसा सहा महिन्यांहून मोठा असेल तर चौदा दिवसांत नोंदणी. त्यासाठी हवा पत्ता. पत्त्यासाठी हवं घर. घरमालकाने चोवीस तासांत परदेशी भाडेकरूची माहिती भरायची. ‘पोलिसांचं लफडं’ म्हटल्यावर घरमालक म्हणतो, फॅमिलीलाच देतो. हे गणित सोडवायला विद्यापीठात माणूस असतो का? असतो. लंचला गेलाय.

अहमदाबादची गोष्ट विसरला नसाल. 16 मार्च 2024 ची रात्र, रमजानचा महिना. गुजरात विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये नमाज पढणाऱ्या परदेशी मुलांवर जमाव चालून गेला. मारहाण, दगड, मोडतोड. दोघं रुग्णालयात, एक श्रीलंकेचा, एक ताजिकिस्तानचा. नंतर मुलांचं हॉस्टेल बदललं, सल्लागार समिती नेमली, सुरक्षा वाढवली. आणि कुलगुरूंनी सांगितलं की परदेशात गेल्यावर सांस्कृतिक भान शिकावं लागतं, या मुलांना ओरिएंटेशनची गरज आहे.

मार खाल्लेल्यांना!

जमावाचं ओरिएंटेशन कोणत्या सत्रात आहे, तेवढं कळवा.

तर आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहून ठेवलंय की परदेशी मुलं असलेल्या प्रत्येक संस्थेत आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय उघडायचं. उघडेल. नॅकची समिती यायच्या आठवड्यात नक्की उघडेल. जुन्या स्टोअररूमला चुना लागेल, भिंतीवर जगाचा नकाशा येईल, टेबलावर आठदहा देशांचे झेंडे. क्लार्कला सांगून ठेवा, झेंडे सरळ लाव. आणि समितीसमोर उभा करायला एखादा नेपाळी मुलगा मिळतो का बघा. टोपी त्याच्याकडे नसली तर गॅदरिंगच्या ट्रंकेत असेल.